सुंदरबाईचा मठ्ठ्या

भिकन हा खरं तर माझा मुलगा. हसू नका, आमच्या गावात कुणालाही विचारा. सुंदरबाईने त्याला जन्म दिला हे मान्य. पण जन्मला त्याच दिवशी त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं आणि तिथून मी उचलला. मी तेव्हा शेजारच्या घरात नवी सून होऊन आले होते. माहेर जळगाव शहरातलं, असले प्रकार कधी बघितले नव्हते. म्हाताऱ्या बायांनी मागून ढकललं, "जाय वं, उचल त्याले." उचलला, घरी आणला. थोड्या वेळाने सुंदरबाईची सासू पदरात ज्वारी घेऊन माझ्या दारात आली आणि तेवढ्या ज्वारीवर त्याला माझ्याकडून विकत घेऊन गेली. मग पाच घरी कापडाचे तुकडे मागितले, त्याचं अंगडं-टोपडं शिवलं आणि नाव ठेवलं भिकन. भिकेत मिळालेला.

सुंदरबाईची आधीची चार गेली होती. एक गोवराने, एक हगवणीने, दोघांचं तर कारणही कळलं नाही. ज्या घरात पोरं टिकत नाहीत तिथे आमच्याकडे असंच करतात. हे पोर आपलं नाहीच, उकिरड्यावर सापडलंय, कशाला नेता, असं वरच्याला दाखवायचं. आता वरचा काय इतका खुळा आहे का, असं मी एकदा बोलून बसले तर सासूने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा तोंड उघडलं नाही.

बाकीच्या बाया हे नाटक पोर पाच वर्षांचं झालं की सोडून देतात. सुंदरबाईने सोडलं नाही. मी तिला अक्का म्हणायची. तशी बाई कामाला वाघ होती. कापूस वेचायला उभी राहिली की दोन बायांचं काम एकटी करायची, आणि पंगतीत पुरणपोळ्या लाटायला बसली की दुसरीला पोळपाट मिळत नसे. पण भिकनचा विषय निघाला की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. कुणी म्हणालं, पोर गोरं आहे हो, की ही लगेच, "कसानं गोरं! कावीळ व्हयेल शे." कुणी म्हणालं, अंगाने भरलाय, की ही म्हणणार, "सूज शे ती." आणि फारच कुणी कौतुक केलं तर सरळ माझ्याकडे बोट, "हाऊ कुंदाना पोऱ्या शे, मना नही." तिने त्याला कधी बाळा म्हटलं नाही, राजा म्हटलं नाही. मठ्ठ्या म्हणायची. "मठ्ठ्या, जेवाले ये." "मठ्ठ्या, टोपी घाल, ऊन लागी." गावाला सवय झाली होती. आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं की सुंदरबाई मठ्ठ म्हणाली की समजायचं पोरगा हुशार आहे.

आणि तो होताच हुशार. नववीत शाळेत पहिला आला. मास्तरांनी पेढे वाटले. मी पेढा घेऊन अक्काकडे धावत गेले तर ही शेणाने अंगण सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाकीना पोरेसले ताप उना व्हई, म्हणीसन याना पयला नंबर." भिकन तिथेच उभा होता. हसला. संध्याकाळी मात्र तिने मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या आणि कुणाला ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट मोठीच लागली होती. दोन दिवस बाईने त्याला घराबाहेर सोडलं नाही.

दहावीला त्यांच्या शाळेत लीलाधर सर होते, गणित आणि विज्ञान शिकवायचे. तरुण, अंगाने काटकुळे, नेहमी पांढरा सदरा. त्यांनी भिकनला जूनमध्येच सांगितलं की कॉलेजची तयारी दहावी झाल्यावर करायची नसते, आत्तापासून करायची असते. कारण काय, तर इथे सगळं मराठीत शिकायचं आणि अकरावी सायन्सला गेलं की एका दिवसात सगळं इंग्रजीत. आमच्या भागातली चांगली चांगली पोरं जळगावला जायची, दिवाळीपर्यंत वर्गात मुक्यासारखी बसायची आणि मग वही-पुस्तकं बांधून परत यायची. वावरात. सर स्वतः तसेच एकदा परत आलेले, मग पुन्हा गेले. त्यांना ती आग ठाऊक होती. रोज सकाळी शाळेच्या आधी ते भिकनला विज्ञानाचे शब्द इंग्रजीतून पाठ करायला लावायचे.

मग काय, पोरगा दिवसभर तेच. बैलांना पाणी पाजताना, कापसाच्या ओळीतून चालताना, तोंडाने चालूच. बाष्पीभवन, इव्हॅपोरेशन. त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन. वक्रीभवन, रिफ्रॅक्शन. अक्का ओरडायची, "काय पुटपुटी राहिना, मठ्ठ्या? वेड लागनं का?" आणि तो वळला की माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची. एकदा मी तिला विहिरीवर विचारलं, "अक्का, पोरगा कॉलेजात जाणार म्हणतोय. राहशील का त्याच्याशिवाय?" तिने इकडे तिकडे बघितलं. विहिरीवर आम्ही दोघीच. तरी आवाज खाली आणून म्हणाली, "जाऊ दे त्याले. डागदर व्हई तो." आणि लगेच जीभ चावली, थू थू केलं आणि माझ्यावरच डाफरली, "तू काबरं इचारस असं?"

म्हणजे तिला हवं होतं. हे मी शपथेवर सांगते. नवरा, हिलालभाऊ, साधा माणूस होता, कुणी काही म्हणालं की "हाव" म्हणायचा. त्याचा विरोध नव्हता. घरची शेती होती, खाऊन-पिऊन बरं होतं. अडचण एवढीच की जळगावला राहायचं कुठे? आणि तिथेच ते जीवराम नाना आले.

जळगावला समाजाचं एक बोर्डिंग होतं. त्याचा कारभार नाना बघायचे. मुंबईत कुठल्याशा कचेरीत आयुष्य काढून म्हातारपणी जळगावला येऊन राहिलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सगळा जीव त्या बोर्डिंगवर. दहावीतलीच मुलं ते निवडून ठेवायचे आणि दिवाळीनंतर दर रविवारी त्यांना बोलवून घ्यायचे. एक प्राध्यापक येऊन त्यांच्याकडून इंग्रजी करून घ्यायचे. जागा मोजक्याच. मुलगा घ्यायच्या आधी नाना स्वतः त्याच्या घरी जायचे, आणि त्यांचा एक नियम होता तो सगळ्या तालुक्याला माहीत होता. बापाला विचारायचं नाही. बाप फुशारक्या मारतात. आईला विचारायचं. आई लेकराबद्दल खोटं बोलत नाही.

शहाणा माणूस हो, पण मुंबईत राहून आमच्या आया कशा बोलतात ते विसरला होता.

दिवाळीच्या सुट्टीत नाना येणार असा निरोप आला, साल त्र्याऐंशीचं. आदल्या दिवशी दुपारी मी अक्काकडे शेव पाडायला गेले होते. भिकन आला, चुलीपाशी बसला. मग म्हणाला, "माय, नाना येतीन तव्हय नीट बोलजो. एक दिवस तरी माले मठ्ठ म्हनू नको."

अक्काचा हात सोऱ्यावर थांबला. पोराने आयुष्यात पहिल्यांदा हे मागितलं होतं. "बोलसू रे, बोलसू," ती म्हणाली. "इतली का येडी शे मी?"

भिकनचं तोंड असं उजळलं! मला वाटलं, सुटलं एकदाचं पोर.

दुसऱ्या दिवशी घर सारवून लख्ख. अंगणात बाज टाकली, वर सतरंजी. मला चहा करायला बोलावलेलं, कारण शहरातला माणूस येणार म्हणजे शहरातली बाई हवी. नाना आणि लीलाधर सर जीपने आले. नाना उंच, करारी, पांढऱ्या भुवया. अंगणात पाऊल टाकलं आणि गोठ्याकडे बघून म्हणाले, "वा हिलालभाऊ! काय बैल आहेत! अशी जोडी पंचक्रोशीत नसेल."

मी चुलीपाशी होते, अक्का दारात. मला तिची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. निपुत्रिक माणूस, पहिल्यांदाच दारात आलेला, आणि आल्या आल्या तोंड भरून कौतुक. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. बोललंच तर सोबत थू थू म्हणतं.

भिकन पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "हा होय तो मुलगा? सर, कपाळावर तेज दिसतंय हो! हिरा आहे हिरा. बाई, आता तुम्ही सांगा. पाठवू याला कॉलेजात? आहे ना हुशार?"

अक्काने पदर ओढून घेतला. मी आतून पुटपुटले, बोल, अक्का, बोल बाई. आणि ती बोलली.

"कसानं कॉलेज, नाना! मठ्ठ शे तो. त्याले काहीच येत नही. सर कॉपी करू देतस म्हणीसन नंबर येस."

देवा रे! माझ्या हातातून पळी पडली. मठ्ठ म्हणाली असती तर एक वेळ सावरून घेता आलं असतं. पण भीतीने माणूस दोन पावलं जास्तच पळतं. कॉपीचं कुठून काढलं तिने कोण जाणे. लीलाधर सरांचा चेहरा पांढराफटक पडला. नानांनी हिलालभाऊकडे बघितलं. हिलालभाऊ बिचारा काय म्हणणार? "ती म्हनस ते खरंच व्हई," म्हणाला.

भिकन तांब्या धरून तसाच उभा होता. तो आईकडे बघत होता आणि आई जमिनीकडे.

नाना रागावले नाहीत, तेच वाईट झालं. समजूतदारपणे म्हणाले, "बाई, तुम्ही खरं बोललात, बरं केलं. झेपत नसताना पोराला ढकललं तर त्याचेच हाल होतात." चहा प्यायले, शेव खाल्ली, नमस्कार करून उठले. बाहेर जीपपाशी सर हातवारे करून त्यांना काहीतरी सांगत होते. नाना मान हलवत होते. आई खोटं कशाला बोलेल हो, एवढं एक वाक्य माझ्या कानावर आलं. जीप गेली. ती जागा पुढे एरंडोलच्या कुठल्या मुलाला मिळाली.

मी अक्काला फाडफाड बोलले. तोंड फाटलं माझं त्या दिवशी. "हेच बोलायला तोंड उघडलंस? वैरीण आहेस की आई?" ती चुलीपुढे बसून राहिली, डोळ्याला पदर. "तू देखं नही का, कुंदा, तो माणूस कसा बघी राहिंथा? हिरा म्हने! हिरा कोनाकडे टिकस?" मग म्हणाली, "मना चार गयात. हाऊ शिकना नही तरी चाली. पन हाऊ जगाले पाह्यजे."

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. तशीच घरी आले.

मला वाटलं होतं, भिकनला हे कळेल. सगळं गाव जाणत होतं, त्याला का नाही कळणार? तो संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी त्याला सगळं समजावलं. अरे, ती घाबरली. नानांनी तुला हिरा म्हटलं नसतं तर नीट बोलली असती. तिला तू डॉक्टर व्हायला हवा आहेस, मला विहिरीवर म्हणाली ती.

तो म्हणाला, "काकू, तुम्ही मला उकिरड्यावरून उचललेलं, तुम्ही असंच म्हणणार."

"अरे गाढवा, खरं सांगतेय!"

"घरातल्या घरात मठ्ठ म्हणते ते मला कळतं, काकू. त्याचं मला काही नाही. पण काल मी तिला सांगितलं होतं. हो म्हणाली होती. तरीही परक्या माणसासमोर तिच्या तोंडून तेच आलं. म्हणजे आत तेच असणार. जिने मला जन्मापासून बघितलंय तिला माहीत नाही तर कुणाला?" मग म्हणाला, "आणि सर खरंच मला फार मदत करतात. कदाचित मला वाटतं तेवढं मला येतही नसेल."

पंधरा वर्षांचं पोर. त्या वयात एखादी गोष्ट डोक्यात शिरली की घणाने फोडली तरी निघत नाही. सकाळी सरांकडे जाणं त्याने बंद केलं. सर त्याला शोधत वावरात आले. आम्ही बाया कापूस वेचत होतो. सर म्हणाले, बोर्डिंग गेलं तर गेलं, मी दुसरी सोय बघतो, तू ये. भिकन म्हणाला, "नको सर. माझ्यामुळे तुमचं नाव खराब होतंय." सरांना ते कॉपीचं लागलं होतंच. ते बांधावरून परत गेले. दोन ओळी पलीकडे अक्का होती. बोंडाला हात लावून तशीच उभी, कापूस काढत नव्हती. मी तिला डोळ्याने खुणावलं, आता तरी सांग. तिने मान खाली घातली आणि वेचायला लागली.

दहावीत तो पास झाला. नुसता पास. गणितात सगळ्यात कमी. गावाला नवल वाटलं. मग हळूहळू गावच म्हणायला लागलं, सुंदरबाई म्हणायची ते खरंच होतं वाटतं. निकालाच्या दिवशी अक्का माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आते कोन्ही नजर लावाव नही." मला कळेना, ही समाधानाने म्हणतेय की दुःखाने. मग ती जी रडायला लागली ती थांबेना. त्याच जूनमध्ये सरांची बदली पिंपळनेरकडे झाली. जायच्या आदल्या दिवशी अक्का भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन त्यांच्या खोलीवर गेली होती. काय बोलायला गेली ते तिलाच ठाऊक. शेंगा देऊन परत आली.

भिकन वावरात गेला तो गेलाच. वाईट काही झालं नाही हो, लोकांच्या दृष्टीने तर चांगलंच झालं. मेहनती, निर्व्यसनी. लग्न झालं, बायको मंजुळा गुणी मिळाली. दोन लेकरं झाली. आईला कधी उलट बोलला नाही. आखाजीच्या सणाला तिला लुगडं आणायचा, दुखलं-खुपलं की एरंडोलला दवाखान्यात न्यायचा. पण दोघांमध्ये बोलणं असं राहिलं नव्हतं. जेवली का, जेवले. बैल बांधले का, बांधले. ती अजूनही मठ्ठ्या म्हणायची आणि तो "हाव माय" म्हणायचा. पूर्वी त्यावर हसायचा, आता हसत नसे.

त्याची थोरली मुलगी शाळेत जायला लागली. एकदा पाटी घेऊन त्याच्याकडे गणित विचारायला आली तर त्याने तिला माझ्याकडे पाठवलं. "काकूला विचार. माझं डोकं नाही त्यात." साधी वजाबाकी होती. मला इतका संताप आला की पाटी घेऊन त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "भिकन, लाज वाटते का? तुला हे येत नाही?" तो म्हणाला, "येतं हो काकू. पण चुकलं तर?" अरे देवा. वजाबाकीला भिणारा बाप.

अठ्ठ्याण्णव साली अक्काचं डोकं फिरलं. म्हणजे वेडी नाही झाली. विसरायला लागली. आधी चुलीवर दूध ठेवून विसरली, मग घराची वाट, मग माणसं. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू सुकत चाललाय, औषध नाही. हिलालभाऊ तोवर वारलेले, तेही विसरली. त्यांच्यासाठी ताट वाढायला सांगायची. मंजुळा बिचारी वाढायची.

आणि या सगळ्यात ती दृष्ट विसरली. आयुष्यभराची भीती साफ पुसली गेली. एके दिवशी भाजीवाली आली तर तिला दारात बसवून ही सांगायला लागली, मना भिकन असा नि मना भिकन तसा. अक्षर कसं मोत्यासारखं, पाठांतर कसं, शाळेत पहिला कसा. गोरा किती, देखणा किती. भाजीवाली मंजुळाला विचारते, कोण हो हा भिकन? मंजुळा माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, सासूबाई कुणाबद्दल बोलतात?" मी तिला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघी बसून रडलो.

भिकन दिवसभर वावरात. त्याच्या कानावर हे आलं नव्हतं. एका दुपारी तो जळगावहून कुणाच्या लग्नाहून परत आला. अंगात पांढरा सदरा, इस्त्रीचा. तिशीचा झालेला, अंगाने काटकुळा. मी अक्काजवळ ओट्यावर बसून डाळ निवडत होते. तो पुढच्या दाराने आत आला तशी अक्का धडपडत उठली, पदर डोक्यावरून घेतला.

"या सर. बसा."

भिकन जागीच थांबला. माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. तो बाजेच्या कडेला बसला, पाहुणा बसतो तसा.

"नानानी इचारं व्हतं ना त्या दिन?" अक्का म्हणाली. "मी खोटं बोलनू, सर. मना पोऱ्या भलता हुशार शे. शाळामा पयला नंबर त्यानाच ऱ्हास. बठ्ठा गावमा तसा पोऱ्या नही. त्याले लई जा कॉलेजात."

तो म्हणाला, "मग तेव्हा खोटं का बोललात, बाई?"

"माले भीती वाटनी, सर. चार गयात मना." मग पुढे वाकून, हळूच, "त्याले सांगू नका मी असं म्हनी म्हणीसन. लई जाशात ना?"

"नेतो," भिकन म्हणाला. "नेतो, बाई."

तो उठून गोठ्यात गेला. मी मागे गेले नाही. काही वेळाने बैलांच्या आडून हुंदका ऐकू आला आणि मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवसापासून त्याने एक सुरू केलं. वावरातून आला की मागच्या दाराने घरात शिरायचा, हातपाय धुवायचा, तो सदरा घालायचा आणि बाहेरून वळसा घेऊन पुढच्या दाराने यायचा. अक्का म्हणायची, या सर. आणि मग तेच सगळं पुन्हा. भिकन असा, भिकन तसा. कधी नवीन काही आठवायचं तिला. तिसरीत कविता म्हटली होती ते. बैलाच्या शिंगाला लागलं होतं तेव्हा रडला नव्हता ते. तो ऐकत बसायचा. सगळं गाव बघायचं, कुणी हसलं नाही. मंजुळा सदरा रोज धुऊन ठेवायची.

माघातली गोष्ट. त्या दिवशी अक्का सकाळपासून बरी होती. मला नावाने हाक मारली, मंजुळाला ओळखलं, हिलालभाऊ गेल्याचं तिला आठवलं आणि थोडी रडली. संध्याकाळी भिकन सदरा घालून पुढच्या दारात आला. अक्काने वर बघितलं.

"मठ्ठ्या, दारमा काय हुभा ऱ्हायना? चाल, जेवाले बठ."

आम्ही सगळे आनंदलो. ओळखलं हो ओळखलं, असं मंजुळा ओरडलीसुद्धा. भिकन मात्र दारात उभाच राहिला. मग "हाव माय" म्हणाला आणि ताटावर येऊन बसला.

त्यानंतर तिला पुन्हा भ्रम झाला नाही. आठवडाभर ती सगळ्यांना ओळखत होती, सगळं नीट बोलत होती. आठव्या दिवशी झोपेतच गेली. बायका म्हणाल्या, पुण्यवान, शुद्धीत गेली, लेकाला ओळखून गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडून भिकन परत आला तो माझ्या ओट्यावर बसला. मी पाणी दिलं. मीही तेच म्हणाले, "बरं झालं रे, शेवटी तुला ओळखून गेली."

तो पाणी प्यायला आणि तांब्या खाली ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "आणखी थोडे दिवस तिने मला ओळखलं नसतं तर बरं झालं असतं."